मग चढणार कोण?

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आईचा व्हिडिओ कॉल आला, दुपारी साडेतीनच्या सुमाराला, मी ऑफिसच्या कँटीनमध्ये चहाच्या रांगेत उभा होतो. आई एरवी दुपारची फोन करत नाही, म्हणून घाबरूनच उचलला. स्क्रीनवर आई नव्हतीच. नुसतं आभाळ, आंब्याची पानं, आणि हलता हलता कॅमेरा थांबला तेव्हा दिसल्या बाबांच्या टाचा. शिडीच्या वरून दुसऱ्या पायरीवर, अनवाणी, भेगाळलेल्या, आणि उजवी टाच मधूनच उचलली जात होती कारण कोयती वरच्या फांदीला पुरत नव्हती. खालून आईचा आवाज, "तू तरी सांग रे यांना." मी काय सांगणार, फोनवरून ओरडलो आणि दचकले तर, म्हणून नुसता बघत राहिलो, मागच्यांना पुढे जाऊ दिलं. कोयतीचे आठ-दहा घाव, मग फांदी मोडल्याचा आवाज, मग स्क्रीनवर सगळं उलटंपालटं. बाबा सुखरूप उतरले. फांदी तुळशीच्या कट्ट्याच्या कोपऱ्यावर आदळली आणि चिऱ्याचा टवका उडाला, तेवढंच नुकसान. बाबा 74 वर्षांचे आहेत. रात्री मी फोन केला आणि जरा चढ्या आवाजातच बोललो, ते शांतपणे सगळं ऐकून घेत म्हणाले, "बरं. मग चढणार कोण?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आमचं घर. मागे नारळ-सुपारीचं आगर, वरच्या अंगाला आजोबांनी लावलेली हापूसची कलमं. अकरा होती. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं त्या एका दुपारी सात आडवी झाली, मुळांसकट, राहिली चार. लॉकडाऊनमुळे मी पुण्यात अडकलेला, फोन लागत नव्हते, लाइट तर पुढे कित्येक दिवस नव्हती. शेवटी पोचलो तेव्हा अख्ख्या वाडीत एकच आवाज भरून राहिला होता, पेट्रोलच्या साखळी करवतीचा, ज्याला गावात सगळे नुसतं कटर म्हणतात. सकाळी सातला सुरू व्हायचा तो अंधार पडेपर्यंत. आई कानात कापूस घालून स्वयंपाक करायची. आजोबांच्या हातची झाडं तुकडे होऊन टेम्पोत चढत होती आणि त्या ओल्या भुशाला चिकाचा, कैरीच्या देठाचा असतो ना तसा वास होता, तो अजून कुठे आला की पोटात कसंतरी होतं. त्यानंतर बाबांनी उरलेल्या चार कलमांना कोणाला हात लावू दिला नाही. वाळलेली काटकीसुद्धा काढायची नाही. "राहिलीत ती राहू देत," म्हणायचे. आम्हीही कोणी काही बोललो नाही, तेव्हा ते बोलण्यासारखं नव्हतंच.

पण ज्या आंब्याकडे कोणी बघत नाही त्याला बांडगूळ धरतं. फुलटोच्या पक्षी त्याची फळं खातो, बी चिकट असतं, ते सुटावं म्हणून तो फांदीवर अंग घासतो की तिथेच रुजलं. मग त्याची मुळं आंब्याच्या लाकडात शिरतात, वरून कितीही पानं ओरबाडा, परत फुटतंच, फांदीच त्याच्या खालून कापावी लागते. चार-पाच वर्षांत अंगणापुढच्या कलमावर ते इतकं वाढलं की लांबून बघणाऱ्याला वाटावं झाड काय हिरवंगार आहे, आणि जवळ गेलं की कळायचं की त्यातलं निम्मं हिरवं आंब्याचं नाही. यंदा त्या कलमाला जेमतेम दोन पेट्या आंबे धरले. बाबा त्या दिवशी कोयती घेऊन का चढले ते मला हे सगळं आठवल्यावर समजलं. चार झाडं वाचवायची म्हणून हात लावला नव्हता, आणि आता हात न लावल्याने त्यातलं एक चाललं होतं.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता कारण भाऊ होते. त्यांना सगळी वाडी भाऊच म्हणायची. कमरेला आकडी, त्यात कोयती, पायात काही नाही, आणि बघता बघता माणूस शेंड्याला. शेतात राब करायला, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, ऐनाची, किंजळीची कवळ तोडायची असायची, लहानपणापासून त्यातच हात तयार झालेला. फांदी तोडायच्या आधी तिला दोर बांधून तो वरच्या बेचक्यातून खाली सोडायचे, आम्ही पोरं टोक धरून उभी, आणि मग फांदी पडायची नाही, उतरायची. कौलांवर आलेली भलीमोठी फांदीसुद्धा त्यांनी एक कौल न फुटता खाली आणलेली मी बघितली आहे. अंगावर ओंबील चढलेली असायची, लाल मुंग्या नुसत्या डसत असायच्या, आणि ते वरून शांतपणे सांगायचे, "सरका, डावीकडे सरका." जांभळीवर मात्र ते चढायचे नाहीत, ती दगा देते म्हणायचे, आणि माझा एक चुलतभाऊ जांभळीवरूनच पडला, दोन महिने पाय बांधून पडून होता. आता भाऊंचे गुडघे गेलेत, त्यांची मुलं मुंबईला. बागा करारावर घेणाऱ्यांची माणसं आहेत, पण ती शंभर झाडांच्या कामाला येणार, आमच्या दोन फांद्यांसाठी कोण वेळ काढणार, आणि त्यांनी नाही म्हटलं तर त्यात त्यांची चूकही नाही.

म्हणून मी लांब दांड्याची करवत शोधायला लागलो. पोल सॉ. खाली जमिनीवर उभं राहायचं, दहा फुटांच्या दांड्याच्या टोकाला छोटी साखळी करवत. रात्री जेवण झालं की व्हिडिओ बघत बसायचो आणि पहिले आठ-दहा दिवस माझं सगळं लक्ष ताकदीवर, किती व्होल्ट, किती सीसी, पात किती इंची. मग एकदा बाबांना फोनवर म्हटलं की तुम्ही पाडलेल्या फांदीला सुतळी गुंडाळून बघा. घेर भरला 16 इंच, म्हणजे जाडी जेमतेम पाच इंच. वर राहिलेल्या त्याहून बारीक. आठ इंची पातीला हे सहज जमतं, दहा इंचीची गरजच नव्हती. मग उंची. आमच्याकडे झेल्याचा बांबू आहे दहा फुटी, आंबे काढायचा, बाबांनी तो छातीशी धरून एकेका बांडगुळाला टोक लावून सांगितलं, हे लागतं, हे लागतं, हे नाही लागत. जाहिरातीत 15 फूट पोच लिहिलेली असते त्यात आपली उंची आणि वर केलेले हात धरलेले असतात हे मला तेव्हा समजलं. शिवाय दांडा सरळ उभा धरायचा नसतो, मॅन्युअलमध्ये 60 अंशांच्या वर नेऊ नका म्हणून लिहिलेलं असतं, नाहीतर कापलेली फांदी थेट डोक्यात. साडेनऊ फुटांचा दांडा तसा तिरका धरला तर उंची मिळते आठ फूट, वर माझ्या छातीचे चार. बाराच्या आसपास. तेवढ्यात दोन बांडगुळं येत होती, शेंड्याचं नाही. हे आधी मनाशी मान्य केलं ते बरं झालं, नाहीतर मी शेवटी स्टुलावर उभा राहून दांडा वर केला असता, आणि मग शिडीने काय घोडं मारलं होतं.

वजनाचा अंदाज मात्र कागदावरून येईना. चार किलो म्हणजे काय, तर दोन पिशव्या भाजी, त्यात काय एवढं. पण ते वजन लांब दांड्याच्या टोकाला असतं. शेवटी एका रविवारी रंगवाल्याकडून त्याचा लांबवायचा दांडा मागून आणला, टोकाला दीड लिटर पाण्याची बाटली दोरीने करकचून बांधली, आणि बिल्डिंगच्या गच्चीवर जाऊन टाकीच्या पाइपवर खडूने खूण करून बाटलीचं टोक त्या खुणेवर धरून उभा राहिलो. बायको मोबाइलवर वेळ लावून बसली होती. पहिली वीस सेकंदं काही वाटलं नाही. चाळीसला डावा खांदा भरून आला, मिनिट झालं तेव्हा बाटली खुणेभोवती हाताहाताने हिंडत होती आणि दीड मिनिटाला मी खाली घेतली. बायको म्हणाली, "बाबा हे धरणार?" मी म्हटलं बाबा नाही, मी धरणार. पण तिने विचारलं ते बरोबरच होतं, यंत्र घरात असलं की मी पुण्यात असताना ते कोण हातात घेईल हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्या दिवसापासून मी ताकदीचे आकडे बघायचे सोडले आणि नुसतं वजन बघायला लागलो, आणि त्यातही वजन कुठे आहे ते. टोकाकडे हलकं, हाताकडे जड असेल तर बरं. बॅटरी मागे मुठीजवळ बसते, त्यामुळे जरा मोठी बॅटरी लावली तर एकूण वजन वाढतं पण तोल सुधारतो, हे त्या बाटलीने शिकवलं, मागच्या टोकाला दुसरी बाटली बांधून बघितली होती मी.

गणपतीला घरी गेलो तेव्हा शेजारचा दादा म्हणाला, कशाला एवढा खर्च करतोस, माझ्या ग्रासकटरला लागतो तो जोड, घे आणि वापरून बघ. आता कोकणात घरटी ग्रासकटर आहे, त्याच्या नळीला पुढे गवताच्या पात्याऐवजी करवतीचं तोंड बसतं, फक्त नळी 26 मिलिमीटरची की 28 ची ते बघावं लागतं. स्वस्तात मस्त, आणि ज्याला दर महिन्याला काम आहे त्याने तेच करावं असं माझं अजूनही मत आहे. पाऊस जरा उघडला होता. पट्टा खांद्याला लावला, दादाने दोरी ओढली, इंजिन सुरू झालं आणि पेट्रोल-ऑइलचा निळसर धूर. वाळलेली एक बारीक फांदी होती फणसाची, तिला टेकवली तर दोन सेकंदांत कापली गेली, ताकदीला तोड नाही. पण ती पडली तेव्हा बाबा मागून माझा शर्ट ओढत होते. केव्हापासून हाका मारत होते म्हणे, फांदी भलतीकडे झुकतेय म्हणून, मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. आणि वळून बघितलं तर ओटीवर आई नव्हती. मघाशी मोदकांसाठी नारळ खवत बसलेली, खवणी तिथेच, अर्धी वाटी तिथेच, आणि ती आतल्या खोलीत जाऊन दार लोटून बसलेली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली काही नाही, आवाज सहन होत नाही रे त्याचा आता.

पेट्रोलचा विचार मी तिथेच सोडला.

राहिली विजेवरची. वायरवाली स्वस्त पडते आणि हलकीही, पण घरापासून कलमापर्यंत एक्स्टेंशन ओढायचं, खाली ओलं गवत, वर कापली जाणारी फांदी, आणि मध्ये ती वायर, माझं मन घेईना. हाताने ओढायची वाकडी करवतही मिळते दांड्यावरची, सगळ्यात हलकी, सगळ्यात स्वस्त, बोटाएवढ्या-मनगटाएवढ्या फांद्यांना तिच्यासारखं काही नाही आणि ज्यांच्याकडे पेरू-लिंबू एवढंच आहे त्यांनी दुसरं काही घेऊच नये. पण पाच इंची आंबा डोक्यावर हात धरून ओढत बसणं मला झेपलं नसतं. म्हणून बॅटरीची. यात एक गंमत आहे, काही कंपन्या 18 व्होल्ट लिहितात काही 20, मी त्यावर दोन रात्री घालवल्या, आणि आत दोन्हीकडे तेच पाच सेल, प्रत्येकी 3.6 चे, पूर्ण चार्ज झाल्यावर मोजले की वीसच्या घरात जातात एवढंच. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे किंमत नुसत्या बॉडीची आहे की बॅटरी-चार्जर धरून, कारण ऑनलाइन स्वस्त दिसतं ते बऱ्याचदा नुसतं बॉडी असतं आणि बॅटरी वेगळी घ्यायला गेलं की जवळपास तेवढेच पैसे परत. माझ्याकडे ज्या कंपनीचं ड्रिल होतं त्याच कंपनीची करवत घेतली, बॅटरी तीच चालली. वर्षाचे अकरा महिने जी वस्तू पडून राहणार तिची बॅटरी बाकीच्या दिवशी दुसऱ्या कशाला तरी लागली पाहिजे, पडून पडून ती मरते, आणि ठेवायचीच असेल तर पूर्ण भरून नाही, निम्म्यावर ठेवावी. दापोलीत साखळी मिळते का हेही विचारून घेतलं. दुकानदाराने कड्या मोजल्या, पिच म्हणजे कड्यांमधलं अंतर बघितलं, म्हणाला मिळेल, आणि धार लावायला चार मिलिमीटरची गोल कानस दिली. ती कानस घेतली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे आपल्याला जमेल.

एक गोष्ट मात्र मी यंत्रावर सोडली नाही. रस्त्याच्या खांबावरून घरात येणारी लाइटची वायर फणसाच्या अंगावरून जाते. दांडा अॅल्युमिनियमचा, आणि मॅन्युअलच्या पहिल्याच पानांवर स्पष्ट लिहिलेलं की हे यंत्र विजेपासून संरक्षण देत नाही. बांबूची सवय झालेल्या हाताला हे लक्षात राहत नाही, सुका बांबू कुठे कुठे टेकवला तरी आजवर निभावलेलं असतं. म्हणून बाबांकडून शब्द घेतला, फणसाच्या त्या बाजूला हा दांडा जाणार नाही, ती फांदी वाढली की वायरमनला सांगून लाइन बंद करून काय ते. त्यांनी शब्द दिला. पण बॅटरी मी पुण्यालाच ठेवतो, हे त्यांना सांगितलेलं नाही, त्यांना ते कळलेलं असणार.

दिवाळीच्या सुट्टीत काढली एकदाची. भाऊंना मुद्दाम बोलावून आणलं, अंगणात खुर्ची टाकली. ते कितीतरी वेळ दांडा नुसता हातात धरून बघत होते, साखळीच्या एकेका दातावरून अंगठा फिरवत. डोक्याला हेल्मेट, डोळ्यांना गॉगल, पडणाऱ्या फांदीच्या वाटेतून बाजूला उभा राहून मी आधी खालच्या अंगाने थोडी खाच घेतली, मग जरा पुढे सरकून वरून कापली, म्हणजे फांदी मोडताना खोडाची साल सोलत नेत नाही. उरलेला खुंट शेवटी काढायचा. तो खोडाला घासून सपाट काढणार, तेवढ्यात भाऊ म्हणाले, "मान सोड रे तिची. मानेच्या पुढे काप." फांदी जिथून फुटते तिथे सालीची एक फुगीर वळी असते, ती त्यांची मान. अॅलेक्स शिगो म्हणून अमेरिकेच्या वनखात्यात एक संशोधक होते, त्यांनी साखळी करवतीनेच झाडं उभी चिरून चिरून हेच दाखवलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही, झाड तिला आतून कोंडून टाकतं, आणि ते काम या वळीतून सुरू होतं, ती कापली तर कूज थेट खोडात. मी ते महिनाभर वाचत होतो आणि भाऊंना ते लहानपणापासून माहीत होतं. बॅटरीच्या मोटरचा आवाज बेताचाच, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला ऐकू आलं, एवढं मात्र त्या यंत्राने केलं.

दुसऱ्या फांदीला भुसा आधी पिवळट पांढरा पडत होता, हातावर, गॉगलवर, आणि अर्ध्यात एकदम काळपट तपकिरी यायला लागला, ओलसर, कुबट वासाचा. भिरूड. खोडकिड्याने फांदी आतून पोखरलेली. कोयती असती तर पहिल्याच घावाला आवाज पोकळ आला असता आणि भाऊंना वर बसल्या बसल्या कळलं असतं, मला दांड्याच्या या टोकाला हातात काहीच जाणवलं नव्हतं, नुसती थरथर. ते जरा टोचलं मला. जमिनीवर उभं राहून झाड कापताना झाडाची काही खबर लागत नाही, ती लागायला जवळ जावं लागतं, आणि जवळ जायचं म्हणजे चढायचं. कीड खोडापर्यंत पोचली नव्हती, चार बोटं मागे स्वच्छ लाकूड लागलं. भाऊ खुर्चीतून उठून आले, पडलेल्या फांदीतल्या भोकात काटकी घालून बघितली आणि मान हलवली.

कापलेल्या जागी कूज धरू नये म्हणून लावायची बोर्डो पेस्ट बाबांनी केली. शंभर ग्रॅम मोरचूद एका प्लास्टिकच्या बादलीत, शंभर ग्रॅम चुना दुसऱ्या, अर्धा अर्धा लिटर पाणी, मग दोन्ही एकत्र ओतत सावकाश ढवळायचं. आभाळासारखा निळा रंग. मग त्यांनी ती कोयती आणली, मे महिन्यातलीच, आणि तिचं पातं त्या निळ्यात बुडवून थोडा वेळ धरलं. वर काढलं तर पात्यावर तांबूस थर दिसायला लागला, म्हणजे मोरचूद जास्त. चिमूट चिमूट चुना टाकत परत बुडवलं, तिसऱ्या वेळी पातं स्वच्छ निघालं. मी म्हटलं द्या, मी लावतो, शिडी आणतो. ते काही बोलले नाहीत. पडवीतून झेल्याचा बांबू आणला, झेला सोडवून ठेवला, आणि त्या जागी रंगाचा ब्रश सुतळीने बांधायला लागले. आईने गाठ मारताना बोट धरलं. मग अंगणात पाय रोवून त्यांनी बांबू वर केला, ब्रश त्या पिवळ्या गोल जखमेवर टेकवला आणि मानेभोवती एक एक वळसा घेत निळं लावत राहिले, थेंब चेहऱ्यावर पडत होते तरी मान खाली घातली नाही. मी त्यांच्या टाचांकडे बघत होतो. दोन्ही जमिनीला टेकलेल्या होत्या.